उडालेल्या फ्यूजची साक्ष

शिकागो विद्यापीठाच्या किरणोपचार केंद्रात १९८०च्या दशकात थेरॅक-२० नावाचे यंत्र होते. विद्यार्थ्यांची नवी तुकडी त्यावर काम शिकू लागली की यंत्राचे फ्यूज वारंवार उडत. हात बसले की प्रकार थांबे. इजा कोणालाही झाली नाही. फ्यूज बदलले जात आणि काम पुढे चाले.

त्याच काळात थेरॅक-२५ या धाकट्या भावंडाने मात्र माणसे मारली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या अवधीत अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना घातक मात्रा मिळाली. त्यांपैकी किमान तिघे त्या किरणांमुळे दगावले. एकूण यंत्रे होती अवघी अकरा.

दोन्ही यंत्रांत पीडीपी-११ संगणक होता. थेरॅक-२५चे सॉफ्टवेअर जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरवरूनच पुढे वाढवलेले होते. फरक होता तो संगणकाची आज्ञा आणि किरणझोत यांच्या मधल्या जागेत.

हे यंत्र दोन प्रकारे चाले: इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत किंवा क्ष-किरण. क्ष-किरणांसाठी झोत सुमारे शंभरपट तीव्र करावा लागे, कारण वाटेतील धातूचे लक्ष्य व सपाटक त्याचा बहुतांश भाग शोषून घेत. ही साधने एका फिरत्या चकतीवर बसवलेली असत. चकती चुकीच्या जागी असताना तीव्र झोत सुटला, तर रुग्ण आणि झोत यांच्यामध्ये काहीच उरत नसे.

थेरॅक-२०मध्ये यावर स्वतंत्र संरक्षक विद्युत्‌मंडले आणि यांत्रिक इंटरलॉक होते. इंटरलॉक म्हणजे एक अट पुरी झाल्याखेरीज पुढची क्रिया होऊच न देणारी अडसर-जोडणी. संगणक काहीही सांगो, विसंगती दिसताच ही जोडणी वाट अडवी. थेरॅक-२५च्या निर्मात्यांनी, कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीने, यातील बराचसा पहारा काढून सॉफ्टवेअरकडे सोपवला. १९८३च्या सुरक्षा-विश्लेषणात सॉफ्टवेअरच्या चुका जवळपास गृहीतच धरल्या नव्हत्या.

जुलै १९८५मध्ये हॅमिल्टन येथील अपघातानंतर संशय गेला तो चकतीची जागा कळवणाऱ्या छोट्या स्विचांवर. ते सुधारले गेले आणि सुरक्षितता कित्येक पटींनी वाढल्याचे कंपनीने कळवले. दोष तिथे नव्हता, निदान सगळा तरी नव्हता.

तो उघडा पडला टेक्सासमधील टायलर येथे. २१ मार्च १९८६ रोजी चालिकेने घाईत ‘ई’ऐवजी ‘एक्स’ टंकले, चूक लगेच दुरुस्त केली आणि झोत सोडला. चुंबक स्थिरावायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या अवधीत केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या ध्यानातच येत नव्हती. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ उमटले. असे सांकेतिक संदेश रोजचेच होते आणि पुस्तिकेत त्यांचा उलगडा नव्हता. सरावाप्रमाणे ‘पुढे चला’ची कळ पुन्हा दाबली गेली. सुमारे १८० रॅड द्यायचे होते. रुग्णाला मिळाले असावेत साडेसोळा ते पंचवीस हजार. चालिकेला दोष देणे सोपे आहे, पण तिचे कौशल्यच, म्हणजे जलद टंकलेखन, इथे घातक ठरले. एप्रिलमध्ये दुसरा अपघात झाल्यावर तिने आणि रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने तोच क्रम पुनःपुन्हा टंकून बिघाड हवा तेव्हा घडवून दाखवला.

ही बातमी पसरल्यावर शिकागोतील फ्यूजचे कोडे सुटले. नवशिके विद्यार्थी कळा वेड्यावाकड्या क्रमाने दाबत आणि टायलरचाच दोष जागा करत. सॉफ्टवेअर थेरॅक-२०मध्येही चुकत होते. फ्यूज जळून जात होता, रुग्ण वाचत होता.

जानेवारी १९८७मध्ये याकिमा येथे वेगळीच चूक निघाली. झोतापूर्वीची तपासणी करावी की नाही, हे एका आठ-बिटी चलावरून ठरे. शून्य नसेल तर तपासणी आवश्यक. मात्र प्रत्येक फेरीत ते चल ठरावीक मूल्याला बसवण्याऐवजी त्यात एक मिळवला जाई. आठ बिटांत २५५च्या पुढे पुन्हा शून्यच येते. त्या २५६व्या फेरीच्या क्षणीच ‘सेट’ कळ दाबली गेली. तपासणी गळली आणि झोत अनिर्बंध सुटला.

या चुकीवरचा उपाय एका ओळीचा होता: एक मिळवण्याऐवजी शून्येतर स्थिर मूल्य लिहिणे. परंतु अमेरिकी औषध प्रशासनाच्या दबावाखाली झालेल्या दुरुस्त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. चकतीची खरी जागा मोजणारा विद्युत्‌मापक बसला आणि एका स्पंदातच मात्रा अवाजवी दिसली तर झोत तोडणारे, संगणकाला न विचारणारे मंडल जोडले गेले.