दोन पेढ्या, दोन वाटा

कॅनडातील क्यूबेक प्रांतात, लेवी या गावी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी आल्फाँस देजार्दँ देवाघरी गेले. दुसऱ्याच दिवशी, सर्व संतांच्या सणादिवशी, अमेरिकेतील एका न्यायालयात चार्ल्स पाँझी याने आपला गुन्हा कबूल केला आणि त्याला पाच वर्षांची कैद झाली. कष्टकऱ्यांच्या तुटपुंज्या मिळकतीत भर घालण्याचे आश्वासन दोघांनीही दिले होते. एकाने ते पाळले, तर दुसऱ्याने हजारो घरे नागवली. या दोन वाटा कोठे वेगळ्या झाल्या, हे पाहणे आजही बोधप्रद आहे.

देजार्दँ हे ओटावा येथील संसदेत लघुलेखक होते. सभासदांची भाषणे टिपून घेणे हा त्यांचा व्यवसाय. १८९७ साली एका सभासदाने सावकारीवर बोलताना माँट्रिअलमधील एका माणसाची कहाणी सांगितली. दीडशे डॉलरच्या कर्जापोटी त्याच्यावर पाच हजार डॉलर व्याज देण्याची वेळ आली होती. या भाषणाने देजार्दँ अस्वस्थ झाले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारुम’ या परिपत्रकातून श्रमिकांच्या हक्कांचा कैवार घेतला होता. त्या विचाराचे संस्कार देजार्दँ यांच्यावर होतेच. युरोपातील सहकारी पेढ्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि ६ डिसेंबर १९०० रोजी लेवी येथे ‘केस पोप्युलेर’, म्हणजे जनतेची पेढी, स्थापन केली. पुढील जानेवारीत पहिल्या दिवशी जमा झाले अवघे २६ डॉलर ४० सेंट! भागाची किंमत पाच डॉलर. तीही आठवड्याला दहा सेंट भरून फेडण्याची मुभा होती. पेढीचे काम त्यांच्या घरातूनच चाले आणि ते ओटावाला असताना त्यांच्या पत्नी दोरिमेन कारभार पाहत.

या पेढीने कोणालाही श्रीमंतीचे स्वप्न दाखविले नाही. तिचे कार्यक्षेत्र एका धर्मग्रामापुरते असे, कारण तेथे माणसे एकमेकांना ओळखत. कर्ज कशासाठी हवे आहे, हे विचारले जाई. उत्पन्न वाढविणाऱ्या किंवा खऱ्या गरजेच्या कामालाच ते मिळे. ठेवीवर मिळणारे व्याज कोठून येते, हे ठेवीदाराला सांगावे लागत नसे. शेजाऱ्याच्या श्रमातून ते येताना तो रोज पाहत होता.

पाँझीची वाट निराळी. इटलीतून १९०३ साली बॉस्टनला आलेला हा तरुण पुढे माँट्रिअलमध्ये एका पेढीवर नोकरीस होता. ती पेढी बुडाली आणि खोट्या धनादेशाच्या गुन्ह्यात त्याला तुरुंगवास घडला. १९२० साली बॉस्टनमध्ये त्याने स्वतःची पेढी उघडली आणि पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ केला. परदेशात टपालाची ‘उत्तर-कुपने’ स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत ती महाग तिकिटांत बदलायची, हे त्याचे स्पष्टीकरण. त्यात तथ्याचा एक कण होता, म्हणूनच ते लोकांना पटले. दलालांना दहा टक्के दलाली मिळे. इटालियन स्थलांतरितांनी आपली पुंजी त्याच्या स्वाधीन केली.

साधा हिशेब मांडला असता तर? पंचेचाळीस दिवसांत दीडपट, म्हणजे वर्षभरात एका डॉलरचे पंचवीस डॉलर! कोणता प्रामाणिक धंदा इतके देतो? क्लॅरन्स बॅरन या अर्थतज्ज्ञाने हिशेब केला. पाँझीच्या व्यवहारासाठी सोळा कोटी कुपने लागली असती. चलनात होती सुमारे सत्तावीस हजार. नव्या ठेवीदारांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते, इतकेच. ऑगस्टमध्ये डोलारा कोसळला. ठेवीदारांना मुद्दलाचा काही अंशच परत मिळाला.

यातील सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, चांगली वाट बॉस्टनकरांच्या दाराशी आलेली होती. १९०८ साली शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, मँचेस्टर येथील गिरणी कामगारांसाठी, सेंट मेरी धर्मग्रामात देजार्दँ यांच्या साहाय्याने अशीच पेढी निघाली. १९०९ साली खुद्द मॅसॅच्युसेट्स राज्याने पतसंस्थांचा कायदा केला. त्यातही त्यांचे मार्गदर्शन होते. परंतु दहा सेंटच्या वाटेला झगमगाट नव्हता.

आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर, १९१८ साली वसईच्या कॅथलिक समाजात धर्मगुरूच्या पुढाकाराने पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. मात्र ‘सहकारी’ ही पाटी म्हणजे कवच नव्हे. २०१९ सालच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणाने तो धडा आपल्याला दिला. सभासदाने वार्षिक सभेला जाणे, ताळेबंद वाचणे, प्रश्न विचारणे यातच सहकाराचे रक्षण आहे.

फसव्या साखळी योजनांना आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेवयोजनांनाही. तरीही अशा योजना नवी नावे धारण करून येतात. कधी सोन्याच्या रूपाने, कधी परदेशी चलनाच्या, तर कधी घरबसल्या कामाच्या. पुष्कळदा त्या आपल्याच आप्ताच्या तोंडून येतात. तोही बहुधा फसलेलाच असतो.

जोडधंदा करावा, शिवणयंत्र घ्यावे, वाडीत भाजी लावावी, सुटीच्या दिवशी शिकवणी घ्यावी. मिळकत वाढविण्याची इच्छा पाप नव्हे. देवाने दिलेले हुन्नर जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला प्रभूने दोषी ठरविले आहे. परंतु पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : मला मिळणारा हा नफा कोणाच्या श्रमातून येणार आहे? ज्याला याचे सरळ उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती पुंजी देऊ नये. कारण तेथे श्रम नसेल, तर शेजाऱ्याचे मुद्दलच नफा म्हणून आपल्या हाती पडत असते.