बिगअ‍ॅरे : एका ताबेपावतीची कुळकथा

संगणकाच्या स्मृतीला लांबीखेरीज दुसरी मिती नाही. जे कोष्टक आपल्या डोळ्यांसमोर ओळी-स्तंभांनिशी उभे राहते, ते तिच्या पोटात एकापुढे एक मांडलेल्या घरांची लांबलचक रांग असते. आणि ही रांग ओळींच्या क्रमाने लावावी की स्तंभांच्या, याविषयी पूर्वसूरींचे एकमत कधी झालेच नाही. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये सिद्ध केलेल्या, १९५७ साली बाहेर आलेल्या फोर्ट्रानने स्तंभांचा क्रम पत्करला व मोजणी एकापासून केली. पुढे बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेल्या सीने ओळींचा क्रम धरला व मोजणी शून्यापासून. तीन ओळी आणि चार स्तंभांच्या कोष्टकातील पहिल्या ओळीची दुसरी संख्या सीच्या रांगेत दुसऱ्या घरात बसते, तर फोर्ट्रानच्या रांगेत चौथ्या.

या भाऊबंदकीत फंक्शनल भाषा पुष्कळ उशिरा पडल्या. रॉबिन मिल्नर यांनी एडिंबरोत १९७० च्या दशकात एमएल भाषा निर्मिली ती गणिती सिद्धतांसाठी. तिच्याच वंशातील ओकॅमल फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेत वाढली, आणि तिच्या घरची रीतच अशी की कोणत्याही वस्तूचा पत्ता कायमचा मानू नये. नवी वस्तू प्रथम एका लहान आवारात जन्मते, टिकली तर निकामी वस्तूंची जागा मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिला मोठ्या आवारात हलवतो, आणि तेथेही मोकळी जागा फार विखुरली तर साऱ्यांचीच सरकासरक होऊ शकते. पूर्णांकाच्या शेवटच्या बिटावर ‘हा पत्ता नव्हे, संख्या आहे’ अशी खूण ठेवावी लागत असल्यामुळे ५ ही संख्या तेथे ११ या रूपात नांदते. दशांश संख्यांचा अ‍ॅरे सलग असतो खरा. पण द्विमितीय कोष्टक म्हणजे अशा अ‍ॅरेंचा अ‍ॅरे, ज्याची प्रत्येक ओळ स्मृतीच्या वेगळ्या कोपऱ्यात. सलग रांग आणि अचल पत्ता मागणाऱ्या सीच्या लायब्ररीला यातले काय सोपवावे? सोपवायची ती नक्कल! हजार ओळी व हजार स्तंभांच्या कोष्टकाला, दर संख्येस ८ बाइट धरून, ८० लाख बाइट लागतात. ते प्रत्येक कामाच्या वेळी उतरवून द्यायचे आणि काम होताच पुन्हा उतरवून घ्यायचे, हा व्यवहार एखाद्या कारकुनालाही कंटाळवाणा वाटला असता.

२००० साली ओकॅमलच्या (तेव्हाचे नाव ऑब्जेक्टिव्ह कॅमल) ३.०० या आवृत्तीबरोबर आलेल्या, मॅन्युएल सेरानो व झेव्हिये लरॉय यांनी लिहिलेल्या बिगअ‍ॅरे लायब्ररीने हा व्यवहार मोडीत काढला तो माल हलवण्याचे सोडून देऊन. संख्यांची रांग कलेक्टरच्या आवाराबाहेर, सीच्या भूमीवर, एके ठिकाणी पडून राहते. ओकॅमलच्या हाती असते फक्त तिची पावती, जिच्यावर रांगेचा पत्ता, मितींची संख्या, प्रत्येक मितीची लांबी, संख्यांची जात, मांडणीचा क्रम आणि मालकीचा शेरा एवढाच मजकूर. कलेक्टरने पावती कितीही इकडची तिकडे केली तरी जमिनीला धक्का लागत नाही.

यातला मालकीचा शेरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. रांग ओकॅमलच्या मालकीची असेल तर पावती निकामी होताच कलेक्टर ती मोकळी करतो. परकी असेल तर तिला हात लावत नाही, आणि ती मोकळी करण्याची जबाबदारी सीकडे राहते. एकाच रांगेच्या तुकड्यांच्या अनेक पावत्या फाटल्या तर कितीजणांचा हक्क अजून जिवंत आहे याची मोजदाद ठेवणारी एक नोंदही मागे असते. इतकी दक्षता असूनही सीच्या बाजूने पत्ता जवळ दडवून ठेवला आणि दरम्यान ओकॅमलने आपली रांग सोडून दिली, तर त्या पत्त्यावर पुढे कोण राहायला येईल याची हमी कोणी देत नाही.

ओळी-स्तंभांचा जुना तंटाही या लायब्ररीने मिटवला नाही. तो तिने दप्तरी दाखल केला. सीची मांडणी आणि फोर्ट्रानची मांडणी हे पावतीच्या टाइपाचेच भाग झाल्यामुळे एकीच्या जागी दुसरी दिली की प्रोग्राम चालण्यापूर्वीच कंपायलर हरकत घेतो. हे एमएलच्या घराण्याला शोभणारे काम. सीला ते साधले नसते.

एका बाबतीत मात्र हात आखडता राहिला. सलग घरांमधील अंतर नोंदवायला पावतीवर रकानाच नाही, म्हणून सीच्या मांडणीतून ओळ नक्कल न करता वेगळी काढता येते, स्तंभ काढता येत नाही. पायथनसाठी जिम ह्युगुनिन यांनी १९९५ च्या सुमारास केलेल्या न्यूमेरिकमध्ये तो रकाना होता. इतकेच काय, १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लास या फोर्ट्रान संग्रहातही असे अंतर सांगण्याची सोय होती. तेव्हा या काटकसरीचा दोष त्या काळाच्या अडाणीपणावर ढकलता येत नाही.

राहता राहिले नाव. ३२ बिटांच्या यंत्रांवर ओकॅमलच्या साध्या अ‍ॅरेत ४१,९४,३०३ घरांहून अधिक मावत नसत, दशांश संख्यांची तर जेमतेम निम्मी. बाहेरच्या रांगेला हे बंधन नव्हते, म्हणून ती ‘बिग’. ६४ बिटांच्या यंत्रांनी ती मर्यादा व्यवहारात पुसून टाकली, २०१८ साली ४.०७ आवृत्तीत ही लायब्ररी भाषेच्या मूळ संग्रहात विलीन झाली, आणि आज दोन ओळी व दोन स्तंभांच्या चार संख्या सीकडे धाडायच्या असल्या तरी त्या सहसा बिगअ‍ॅरेतूनच जातात.