म्यूकरमायकोसिस : संज्ञा आणि निदान

रोगाला नाव कशावरून द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. म्यूकरमायकोसिसचा इतिहास पाहिला म्हणजे तो रोग्याच्या जीविताचाही आहे, हे ध्यानात येते.

१८८५ मध्ये आर्नल्ड पाल्टाउफ यांनी शवविच्छेदनाच्या आधारे या रोगाचे वर्णन करून त्यास ‘मायकोसिस म्यूकोरिना’ असे नाव दिले. ‘म्यूकर’ हा लॅटिन शब्द व ‘मायकेस’ हा ग्रीक. अर्थ दोहोंचाही बुरशी असाच. अर्थात या नावात रोगाचे कारण दोनदा सांगितले आहे. पुढे हा रोग काही काळ ‘झायगोमायकोसिस’ या नावानेही ओळखला गेला. परंतु ज्या वर्गावरून ते नाव पडले, तो वर्गच २००७ च्या नव्या वर्गीकरणात गळाला.

१९४३ मध्ये अनियंत्रित मधुमेहाच्या तीन रोग्यांच्या मेंदूत ही बुरशी शिरल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तिघेही दगावले होते. तोपर्यंत निदान बहुधा मृत्यूनंतरचेच होते. १९५० च्या दशकात ॲम्फोटेरिसिन बी हे औषध हाती आले आणि वेळेवर केलेल्या निदानास खरे मोल प्राप्त झाले. बुरशी कोणती, हे ठरविणेही अगत्याचे झाले; कारण ॲस्परजिलसवर गुणकारी ठरणारे व्होरिकोनॅझोल म्यूकरवर्गीय बुरशीवर चालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली म्यूकरचे तंतू रुंद, फितीसारखे व जवळजवळ विनापडद्याचे दिसतात. ॲस्परजिलसचे अरुंद व पडदे असलेले.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह भारतभर हा रोग बळावला. मधुमेह व स्टिरॉइडांचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होत. मे महिन्यात केंद्र शासनाने राज्यांना १८९७ च्या साथरोग कायद्याखाली या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. याच सुमारास ‘काळी बुरशी’ हे नाव सर्वतोमुखी झाले. वस्तुतः ही बुरशी काळी नव्हे. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्तप्रवाह खुंटतो आणि मृत झालेले ऊतक काळे पडते. म्हणजे लोकांनी दिलेले नाव कारणाचे नसून परिणामाचे, तोही उशिरा दिसणाऱ्या परिणामाचे आहे. एका बाजूचा चेहरा दुखणे वा बधिर होणे, नाक चोंदणे, दात हलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे त्याआधीची. काळेपणाची वाट पाहणारा रोगी शस्त्रक्रियेने मृत भाग काढण्याची व औषधाची अनुकूल घटका गमावतो. शिवाय ‘काळी’ या विशेषणामागोमाग ‘पांढरी’, ‘पिवळी’ अशी नावे निघाली आणि माणसापासून माणसास न होणाऱ्या या रोगाभोवती संसर्गाचे भय उभे राहिले.

तथापि लोकनामाची हेटाळणी करणे योग्य नव्हे. शास्त्रीय संज्ञा ज्यांच्या जिभेवर रुळली नसती, त्यांच्यापर्यंत रोगाची वार्ता याच नावाने पोहोचविली. उणीव राहिली ती नावासोबत पहिली लक्षणे पोहोचविण्याची. शास्त्रीय नाव कारण सांगते, लोकनाम शेवट सांगते. दुर्बल रोग्याचे प्राण मात्र या दोहोंच्या मधल्या अवधीत वाचवावयाचे असतात.