टीव्हीने सिनेमा मारला?

टीव्हीने सिनेमा मारला, असे आपण सहज बोलून जातो. ही ओरड जोरात झाली ती १९५० च्या दशकात, अमेरिकेत. पण तिथला इतिहास पाहिला तर गोष्ट एवढी सरळ नाही.

जॉन लोगी बेअर्डने लंडनमध्ये टीव्हीचे प्रात्यक्षिक दाखवले ते २६ जानेवारी १९२६ रोजी. बीबीसीचे नियमित प्रक्षेपण १९३६ मध्ये सुरू झाले. पण टीव्ही घराघरांत शिरला तो महायुद्ध संपल्यावर. १९४६ च्या सुमारास अमेरिकेत आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटे खपत. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा निम्म्याजवळ आला. दोष एकट्या टीव्हीचा नव्हता. माणसे शहर सोडून उपनगरांत राहायला गेली होती आणि सुप्रीम कोर्टाच्या १९४८ च्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरे सोडावी लागली होती.

स्टुडिओंनी काय केले? पडदा रुंद केला! १९५२ मध्ये सिनेरामा आला, १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. घरच्या पेटीत मावणार नाही असे काहीतरी दाखवायचे, आणि आपले जुने सिनेमे मात्र टीव्हीला द्यायचे नाहीत, असा बड्या स्टुडिओंचा बाणा होता.

लूसिल बॉल ही नटी आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांनी मात्र वेगळी वाट धरली. त्या काळी बरेचसे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत; एकदा झाले की हवेत विरले. या जोडप्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते. त्यांनी १९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी' ही मालिका सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर, प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून चित्रित केली. छायालेखक होता 'मेट्रोपोलिस'वाला कार्ल फ्रॉइंड. खर्च वाढला तेव्हा दोघांनी आपले मानधन कमी करून घेतले आणि बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. आम्हा कचेरीतल्या माणसांना जपलेल्या कागदाची किंमत ठाऊक असते, ती या दोघांनी फिल्मच्या बाबतीत ओळखली. तेच भाग पुन्हा पुन्हा दाखवता येऊ लागले.

इकडे 'किंग काँग' आणि 'सिटिझन केन' काढणाऱ्या आरकेओने १९५५ मध्ये आपल्या जुन्या चित्रपटांचे टीव्ही हक्क विकले. दोन वर्षांनी स्टुडिओच विक्रीला निघाला. घेतला कोणी? लूसी आणि देसीच्या देसिलू कंपनीने. दोघांची ओळख १९४० मध्ये याच स्टुडिओच्या एका चित्रपटाच्या वेळी झाली होती!

मग सिनेमा हरला का? १९४१ मध्ये तोट्यात गेलेला 'सिटिझन केन' १९५६ मध्ये टीव्हीवर आला आणि नव्या पिढीने तो घरी बसून पाहिला. टीव्हीने थिएटरचा गल्ला खाल्ला हे खरे, पण डब्यात पडून राहिलेल्या चित्रपटांना दुसरा जन्मही दिला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचा शनिवारचा मराठी सिनेमा आठवा. आपल्यापैकी कितीजणांना जुना मराठी चित्रपट थिएटरात भेटला, आणि कितीजणांना त्या छोट्या पेटीत?