चायना ग्रासची थाळी

अश्वगंधाची कॅप्सूल बाटलीत जाण्याआधी तिची भुकटी आमच्या जंतुतपासणीच्या प्रयोगशाळेत मुक्कामाला असते. दहा ग्रॅम भुकटी ९० मिलिलिटर द्रावणात घोळायची. त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊ मिलिलिटरमध्ये, त्यातलं पुन्हा पुढच्या नऊमध्ये. दर पायरीला दहापट पातळ. मग एक मिलिलिटर थाळीत सोडून त्यावर ४५ अंशांचं पातळ अगर ओतायचं आणि झाकण ठेवून थाळी ओट्यावरच हलक्या हाताने फिरवायची. थोड्याच वेळात अगर थिजतं. तीन ते पाच दिवसांनी इन्क्युबेटरमधून काढली की तिच्यात ठिपके उगवलेले असतात. काही मलईसारखे, काही पिवळट, एखादा पसरट आणि सुरकुतलेला. तो बहुधा मातीतला बॅसिलस. मुळी जमिनीतून येते, तिच्याबरोबर जमीन थोडी येणारच. अमेरिकी औषधकोश वनस्पतींच्या भुकटीला ग्रॅममागे एक लाखापर्यंत जंतू चालवून घेतो; मात्र साल्मोनेला एकही चालत नाही.

ठिपके मोजायचे, जितकं पातळ केलं तितक्याने गुणायचं, की काउंट आला. इतकं सोपं मोजमाप शक्य होतं ते त्या थिजलेल्या थरामुळे. रश्शात जंतू वाढवले तर सगळे एकमेकांत मिसळतात. थिजलेल्या थरात मात्र जो जिथे पडला तिथेच त्याचं गोत वाढतं आणि डोळ्यांना दिसतं.

असा थर शोधताना बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवून पाहिले, मग १८८१ मध्ये जिलेटिन वापरलं. जिलेटिन पारदर्शक होतं खरं, पण माणसाला आजारी पाडणारे जंतू शरीराच्या ३७ अंशांवर चांगले वाढतात आणि त्या उष्णतेत जिलेटिनचं पाणी होतं. शिवाय कितीतरी जंतू ते पचवून टाकतात. त्याच प्रयोगशाळेत हवेतल्या जंतूंचा अभ्यास करणारे वाल्टर हेसे याच त्रासाने हैराण झाले होते.

त्यांची पत्नी फॅनी त्यांना प्रयोगांत मदत करायची, त्यांच्या लेखांसाठी चित्रं काढायची. तिचं माहेर अमेरिकेतलं. चित्रकार लुई आयल्शेमियस तिचा भाऊ. कुटुंबात सांगितली जाणारी हकीकत अशी की एका उन्हाळ्यात वाल्टरनी विचारलं, तुझ्या जेली आणि पुडिंग या उकाड्यातही कशा टिकतात? तिने सांगितलं, त्यात अगर-अगर घालते. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्याकडून न्यूयॉर्कमध्ये असताना ती ते शिकली होती.

हेसेंनी ही गोष्ट कॉखना कळवली. १८८२ च्या क्षयाच्या जंतूवरच्या प्रसिद्ध निबंधात कॉखनी अगरचा उल्लेख एका वाक्यात केला; फॅनीचं नाव त्यात नाही, वाल्टरचंही नाही. मला हे आजही लागतं. अगर ९० अंशांच्या आसपास वितळतं, पण एकदा थिजलं की ३७ अंशांवर ढिम्म हलत नाही, आणि बहुतेक जंतूंना ते पचतही नाही. याहून नेमका पदार्थ त्यानंतरच्या इतक्या वर्षांत कुणाला सापडलेला नाही.

अगर म्हणजे समुद्रातलं लाल शेवाळ उकळून काढलेला चीक. शब्द मलाय भाषेतला. जपानमध्ये त्याला कांतेन म्हणतात. तिथली दंतकथा सांगते, की सतराव्या शतकात क्योटोजवळच्या एका खानावळवाल्याने शेवाळाच्या जेलीचं उरलंसुरलं हिवाळ्यात बाहेर टाकलं. ते रात्री गोठलं, दिवसा वितळलं, असं होत होत वाळलं आणि पुन्हा उकळल्यावर थिजलं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या चायना ग्रासच्या पांढऱ्या पट्ट्या त्याच कुळातल्या. दुधात शिजवून त्यांच्या वड्या पाडणाऱ्या घरांत प्रयोगशाळेचं सामान कधीपासूनच आहे.

झाकणाची थाळी १८८७ ची, कॉख यांचे सहायक युलियुस पेट्री यांची. त्याआधी काचेची सपाट पट्टी घंटेसारख्या काचेखाली ठेवत.

पण पाणी, दूध तपासणारी ही थाळी औषधाच्या गोळ्यांपर्यंत उशिरा आली. पोटात घ्यायची गोळी इंजेक्शनसारखी निर्जंतुक असावी लागत नाही, म्हणून तिकडे फारसं कुणी बघत नव्हतं. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये थायरॉईडच्या गोळ्यांतून दोनशेहून जास्त लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली. जनावरांच्या ग्रंथींची भुकटी, म्हणजे कच्चा मालच दूषित होता. औषधकोशांत तोंडाने घ्यायच्या औषधांच्या चाचण्या रुजल्या त्या अशा अनुभवांनंतर. पूरक आहार त्यांच्याही मागून आला. अमेरिकेत त्याच्या उत्पादनाचे नियम २००७ चे, भारतात पूरक आहाराचे २०१६ चे. आणि २०१८ मध्येसुद्धा क्रेटम या झाडाच्या पानांच्या भुकटीतून अमेरिकेच्या ४१ राज्यांत १९९ जण साल्मोनेलाने आजारी पडले.

वनस्पतींच्या मालात आणखी एक फसगत असते. हळदीसारखा पदार्थ स्वतःच जंतूंना दाबतो. थाळी कोरी राहते, पण जंतू मेलेले नसतात, नुसते अडून बसलेले असतात. म्हणून द्रावणात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट घालून हळदीचा जोर मोडायचा आणि एका जादा नमुन्यात ओळखीचे जंतू, शंभरच्या आत मोजून, मुद्दाम सोडायचे. त्यातले निदान निम्मे उगवले तरच पद्धत खरी. हळदीच्या कॅप्सूलची कोरी थाळी हातात आली की मी सही करत नाही. आधी शेजारची, जंतू सोडलेली थाळी उजेडात धरते आणि तिचे ठिपके मोजते.