सत्तावन्न वर्षं थकलेलं मतदान

नेपाळची संविधान सभा म्हटलं की माओवादी आठवतात. १९९६मध्ये बंदूक उचलण्याआधी त्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या चाळीस मागण्यांत लोकप्रतिनिधींनी नवं संविधान लिहावं ही मागणी होतीच, आणि १० एप्रिल २००८च्या निवडणुकीत सर्वाधिक, म्हणजे २२० जागाही त्यांनाच मिळाल्या. तरी या निवडणुकीचं मूळ जंगलात नाही, राजवाड्यात आहे. राणा घराण्याची पिढीजात सत्ता कोसळल्यावर १८ फेब्रुवारी १९५१ रोजी राजा त्रिभुवन यांनीच जाहीर केलं होतं की, देशाचं संविधान जनतेने निवडलेली सभा लिहील. ती दिल्लीत घडलेली तडजोड होती, राजाच्या मनातलं नव्हतं, असं म्हणता येईल. असेलही. पण दबावाखाली दिलेला शब्दही शब्दच असतो, आणि त्यांचे पुत्र महेंद्र गादीवर आल्यावर त्यांनी तो शिताफीने टाळला. १२ फेब्रुवारी १९५९ रोजी त्यांनी स्वतःच संविधान ‘बहाल’ केलं आणि सहाच दिवसांनी मतदान सुरू झालं, ते संसदेसाठी. खेळाडू लोकांनी निवडायचे, नियम मात्र राजाचे! डिसेंबर १९६०मध्ये त्याच नियमांतल्या आणीबाणीच्या कलमावर बोट ठेवून त्यांनी त्या मतदानातून आलेलं बी. पी. कोइरालांचं सरकार बरखास्त केलं.

लोकशाहीसाठी झालेल्या १९९०च्या आंदोलनानंतरही संविधान लिहिलं ते एका आयोगाने. २००६च्या आंदोलनाने तेव्हाच्या राजाला नमवलं, तेव्हा कुठे तो जुना शब्द पाळणं भाग पडलं, आणि तरीही मतदान दोनदा पुढे ढकललं गेलं. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका आल्या: एकीवर आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला स्वस्तिकाचा शिक्का, दुसरीवर पक्षाला, त्या दुसरीसाठी अख्खा देश एकच मतदारसंघ. पक्षांच्या यादीतून भरायच्या या ३३५ जागांत स्त्रिया, दलित, आदिवासी जनजाती, दक्षिणेच्या तराईतले मधेशी यांचे वाटे ठरलेले होते. १९९९च्या २०५ जणांच्या सभागृहात १२ स्त्रिया होत्या; ६०१ जणांच्या संविधान सभेत १९७ आल्या, आणि त्यांतल्या थेट लढून आलेल्या फक्त ३०. थेट निवडणुकीवरच भिस्त ठेवली असती तर काय झालं असतं, ते या आकड्यातच आहे.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की, चार वर्षं बसून ही सभा २८ मे २०१२ रोजी संविधान न लिहिताच संपली. खरं आहे. पण ती अडली मुख्यतः संघराज्याच्या प्रांतरचनेवर, म्हणजे पूर्वी ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्यांच्याच प्रश्नावर. १९९०च्या आयोगाचं काम काही महिन्यांत उरकलं, आणि ते संविधान सोळा वर्षंच टिकलं. अर्थात निवडून आलेल्यांनी लिहिलं की सगळे समाधानी होतात, असंही नाही: २०१३मध्ये निवडलेल्या दुसऱ्या सभेने २०१५मध्ये संविधान जारी केलं, तेव्हा त्याच्या विरोधात तराई पेटलेली होती.