शंभराला एक डॉलर

नोकरीसाठी फिलाडेल्फियाला निघालो तेव्हा आईने देव्हाऱ्यातला तांब्याचा एक पैसा माझ्या हातावर ठेवला. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि १८०४ साल, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. मुंबई इलाख्यासाठी असे पैसे बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात पाडले गेले.

दोन वर्षांनी इथल्या एका दुकानात १८०३चा अमेरिकी सेंट मिळाला. आपल्या चांदीच्या रुपयाहून किंचित लहान, चॉकलेटी रंगाचा. त्या काळात फिलाडेल्फियाची टांकसाळ तांब्याच्या तयार चकत्या बोल्टनकडूनच मागवत असे. इथे त्यावर फक्त छाप उठे. हे वाचलं त्या रात्री मी दोन्ही नाणी टेबलावर शेजारी ठेवून कितीतरी वेळ बसलो. तेव्हापासून सेंटचा नाद लागला तो लागलाच.

पहिला सेंट १७९३चा. मागच्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी, पंधरा राज्यांच्या एकजुटीची. लोकांनी नावं ठेवली: स्वातंत्र्याच्या देवतेमागे साखळदंड कसला? जेमतेम ३६,१०३ नाणी पाडून साखळी गेली आणि पानांची माळ आली. सुरुवातीच्या काही सेंटांच्या कडेवर ‘शंभराला एक डॉलर’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. पुढे तांबं महागलं, वजन २०८ ग्रेनवरून १६८वर आलं, कड पातळ झाली आणि अक्षरं गेली. १८१५ साल घातलेला सेंट तर नाहीच. इंग्लंडशी झालेल्या युद्धाने चकत्यांची आवक तोडली होती.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जोसेफ मिकली. जन्म १७९९चा, धंदा वाद्यं दुरुस्त करण्याचा. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या मनात आलं, आपल्या जन्मसालाचा सेंट हवा. सेंट तर गल्ल्यागल्ल्यांत खुळखुळत होते; पण १७९९चा सापडेना. दुर्मीळ म्हणजे काय, हे त्या शोधातून त्याला उमगलं आणि पुढे त्याचा संग्रह देशभर गाजला.

इतरांना जाग आली ती सेंट जायला निघाला तेव्हा. २१ फेब्रुवारी १८५७च्या कायद्याने मोठा सेंट बंद झाला. २५ मे रोजी टांकसाळीच्या आवारात नवे छोटे सेंट घ्यायला रांगा लागल्या. जुनी नाणी मोडीत निघाली, तशी लोक लहानपणीची सालं वेचून बाजूला ठेवू लागले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे नाणेसंग्राहकांच्या संस्था उभ्या राहिल्या.

माझा शोध १८०४चा, आईच्या पैशाच्या सालाचा. तो सेंट एकाच ठशांच्या जोडीने पाडलेला. ठसे काठाशी तुटले होते, म्हणून बहुतेक नाण्यांवर ‘लिबर्टी’च्या शेवटच्या अक्षरांवर काठाशी तांब्याचा एक उंचवटा दिसतो. १८०३मधल्या तिनाचा चार करून विकणारे भेटतात. इतकंच काय, १८६०च्या सुमारास टांकसाळीबाहेर १८०३चा जुना ठसा कोरून नकली १८०४ पाडले गेले, त्यांचंही आज स्वतंत्र संग्रहमूल्य आहे. मला ते नकोत.

गेल्या महिन्यात एका लिलावाआधी खरा १८०४ हातात घ्यायला मिळाला. आकडे झिजून जवळजवळ सपाट झालेले. भिंग लावलं, काठावरून नख फिरवलं. उंचवटा होता.